शेपटाचा दिवा

आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं. त्या टेम्पोवाल्याचा डावा डोळा मी फोडला. सायकलच्या लोखंडी पंपानं. रागाच्या भरात झालं, असं काही मी म्हणणार नाही, कारण राग मला रोजच येतो आणि रोज काही मी लोकांचे डोळे फोडत हिंडत नाही. त्या रात्री मला पक्कं माहीत होतं की तो माणूस खोटं बोलतोय. देवाशपथ पक्कं माहीत होतं.

मी हॅमरवर काम करतो. भट्टीतून निघालेला लालभडक तुकडा लांब सांडशीनं धरायचा, तेल मारलेल्या साच्यावर ठेवायचा, वरून दीड टनाचा घण आदळतो, तुकडा फिरवायचा, परत आदळतो. पाळीचे आठ तास हेच. तेवीस वर्षं झाली. कान कधीच कामातून गेलेत. समोरच्याचं तोंड हलतंय एवढं दिसतं, त्यावरून बाकीचं मी जुळवतो. त्यामुळे माझं बोलणं म्हणजे ओरडणं. बायको म्हणते, तुम्ही घरात पाणी मागितलं तरी शेजारी दार उघडून बघतात. आमच्या खात्यात सगळे असेच आहेत. चहाच्या सुट्टीत आम्ही नऊ जण गप्पा मारत बसलो की लांबून बघणाऱ्याला वाटतं मारामारी चाललीय. कधी कधी चाललेलीही असते, ते सोडा.

दुसरी पाळी साडेबाराला सुटते. नऊ जण एकाच वाटेनं सायकलवर घरी जातो. बारा किलोमीटर, त्यातले आठ हमरस्त्याचे, आणि त्या आठात दिव्याचा एक खांब नाही. एकामागे एक रांगेत जायचं. जो शेवटी असतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाची पाळी रोज बदलते, कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला तसा कागदच लावलाय. आणि मागचा दिवा फक्त शेपटाला. बाकी आठ सायकली काळोखात.

बाहेरचा माणूस म्हणेल, ही काय अक्कल? अरे बाबा, आठ तास भट्टीच्या तोंडात बघून ये आणि मग पुढच्याच्या सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा तासभर बघत सायकल चालवून दाखव. डोळ्यांत सुया टोचतात. त्या लुकलुकीपायी आमचे दोघे सरळ खड्ड्यात गेले होते, एकाचे पुढचे दात तिथंच राहिले. तेव्हापासून ठरलं की एकच दिवा, शेपटाला. पण असा की मागून येणाऱ्याला मैलभरावरून दिसलाच पाहिजे. पाळी बदलली की दिवा या सायकलवरून काढून त्या सायकलला. रांगेच्या पुढे मी. वयानंही आणि आवाजानंही.

जुना दिवा एका रात्री चालता चालता विझला. शेपूट होता आमचा टकलू. त्याला काय कळणार? मागचा दिवा ही अशी चीज आहे की ज्याच्या सायकलला असते त्यालाच दिसत नाही. तो बिचारा ऐटीत चाललाय आणि मागून एक गाडी त्याचं कोपर सोलून गेली. हाडापर्यंत. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर आला आणि सगळ्यांसमोर रडला. गडी रडला म्हणजे गंमत नव्हे. माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, आता दिवा मी आणतो, बघू कसा विझतो ते.

माझा धाकटा भाऊ तिथंच होता. त्याला चार वर्षांपूर्वी मीच खात्यात चिकटवला. मी तुकडा धरतो आणि तो पायट्यावर असतो, त्यानं पाय दाबला की घण पडतो. म्हणजे माझे दोन्ही हात रोज त्याच्या पायाखाली असतात. तो सगळ्यांना म्हणाला, "दादानं आणला ना, मग वळून बघायचं कामच नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

सायकलवाल्याच्या दुकानात मी दोन तास ठाण मांडून बसलो. त्यानं काउंटरवर अकरा दिवे मांडले. एकाची काचच प्लास्टिकची, अंगठ्यानं दाबली तर आत गेली. मी तो भिंतीवर भिरकावला.

"अहो, फोडलात तर घ्यावा लागेल!" सायकलवाला म्हणाला.

"हा दिवा आहे का खेळणं? लाज वाटत नाही विकायला?"

"मग हळू बोला तरी. गिऱ्हाईक पळालं ना माझं."

एक दिवा मी त्याच्या पंक्चर बघायच्या पाण्याच्या टबात बुडवला, तो बुडबुडे सोडत मेला. एक फरशीवर आपटला, त्याचे सेल बाहेर येऊन कपाटाखाली गेले. सायकलवाला कपाळावर हात मारून घेत होता. नववा दिवा मात्र जातिवंत निघाला. अॅल्युमिनियमचं अंग, जाड काच, एकदा चार्ज केला की साठ तास चालणार. पाण्यात बुडवला, आपटला, पायाखाली घेऊन टाच मारली. लुकलुक चालूच.

"हा," मी म्हणालो.

दिवा रोज सायकल बदलणार, हे मी त्याला बोलता बोलता सांगितलं होतं. सायकलवाला जरा घुटमळला. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि ओठ नीट हलवून बोलला, कारण मी बहिरा आहे हे एव्हाना त्याला कळलं होतं. "दिवा चांगला आहे. पण त्याचा पट्टा रबरी आहे. एका सायकलला लावून ठेवला तर वर्ष जाईल. तुम्ही तो रोज काढणार, रोज घालणार, हातांना तुमच्या ते साच्याचं तेल. तेल रबराला खातं. त्यापेक्षा हे बोल्टाचे घ्या, ज्याच्या त्याच्या सायकलला कायमचे बसवतो."

मी त्याचा शब्द न् शब्द समजलो. मला ऐकू आलं नाही, अशी सबब मला नाही. मी म्हणालो, "मला नऊ दिवे गळ्यात मारायला बघतोस होय रे? मी मूर्ख दिसतो का तुला?" त्यानं खांदे उडवले आणि दिवा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी खात्यात मी त्याची परीक्षा घेतली. पाळीभर हॅमरच्या बुडाशी ठेवला. तिथं जमीन अशी हादरते की नव्या माणसाचे दात वाजतात. दिवा चालू. क्रेनच्या आकड्याएवढ्या उंचीवरून लोखंडी पत्र्यावर टाकला. चालू. मग धाकट्यानं दोन किलोचा हातोडा घेतला आणि घातला एक. अंगाला पोचा आला, दिवा चालू. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. टकलूनं दिव्याचा मुका घेतला. आम्ही सगळे घणाची माणसं, आम्हाला मोठा ठोका कळतो. सायकल चालताना रात्रभर जे बारीक बारीक थरथरतं, ते आमच्या हिशेबातच नव्हतं. आणि पट्टा तर मी परीक्षेआधी काढून खिशात ठेवला होता, मध्ये येतो म्हणून.

चाळीस-बेचाळीस रात्री दिवा बिनतक्रार चालला.

त्या रात्री शेपूट होता धाकटा. निघताना मीच दिवा त्याच्या सायकलला लावला, पट्टा ओढून आकड्यात अडकवला, बटण दाबलं, लाल उजेड फाटकाच्या भिंतीवर पडला तो बघितला आणि मगच रांगेच्या पुढे गेलो. आभाळ स्वच्छ होतं. रस्ता कोरडा. मी पुढे, माझ्यामागे सात जण, आणि सगळ्यांत मागे तो.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो. तिथं आम्ही रोज थांबतो आणि डोकी मोजतो. मी मोजली. आठ. परत मोजली. टकलू म्हणाला, "चेन पडली असेल." आम्ही थांबलो. मागे रस्ता सरळ होता, दोन-अडीच किलोमीटर दिसतो तिथून. त्या रस्त्यावर लांब एका गाडीचे पुढचे दोन दिवे होते. ते जवळ येत नव्हते आणि लांबही जात नव्हते.

मी सायकल वळवली.

तुम्हाला कान असतील तर तुम्ही म्हणाल, धडक झाली ती तुम्हाला ऐकू कशी नाही आली? शंभर हातांवर माणूस गाडीखाली गेला आणि आठ जणांना पत्ता नाही? नाही आली. आम्ही तसेच पायडल मारत पुढे गेलो. तो ओरडला असेल. मला हाक मारली असेल. त्यावर मी अजून विचार करत नाही.

टेम्पो आडवा उभा होता. त्याच्या उजेडात धाकट्याची सायकल मागच्या चाकापासून दुमडून पडली होती. धाकटा रस्त्यावर. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली अशा दिशेला होता की जी दिशा पायाला नसतेच. रक्त डांबरावर पसरून टेम्पोच्या चाकापर्यंत गेलं होतं. आणि त्याच्याशेजारी एक माणूस उघड्या अंगानं गुडघ्यांवर बसला होता. त्यानं स्वतःचा शर्ट काढून मांडीला आवळून बांधला होता आणि दोन्ही हातांनी ती गाठ दाबून धरली होती.

हे मला आता दिसतं. शर्ट, गाठ, दाबलेले हात. तेव्हा मला फक्त टेम्पो दिसला.

त्यानं वर बघितलं. तोंड हलवलं. उजेड त्याच्या तोंडावर होता, ओठ लख्ख वाचता आले.

"दिवा नव्हता हो."

"काय?"

"दिवा नव्हता. मला दिसलाच नाही. दिवा नव्हता."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावाला तुडवून वर हा दिव्याला नाव ठेवतोय. मी निवडलेल्या, पाण्यात बुडवलेल्या, घणाशी ठेवलेल्या दिव्याला. मी म्हणालो, "होता! होता दिवा!" आणि त्याच्या कानाखाली जाळ काढला. तो उलटा पडला, पण गाठीवरचा एक हात त्यानं सोडला नाही. मी त्याला केसांना धरून ओढला तेव्हा सुटला. टकलूनं झेप घेऊन ती गाठ धरली.

"म्हण दिवा होता."

"नव्हता."

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. माझा हात साधा हात नाही, तेवीस वर्षं सांडशी धरलेला आहे. काहीतरी कडकन मोडलं, ते मला हाताला कळलं. नाक असावं.

"म्हण होता."

"नव्हता हो. खरंच नव्हता."

मी लाथा घातल्या. बरगड्यांत, पोटात. तो अंगाची मुटकुळी करून पडला आणि प्रत्येक लाथेनंतर तोंड वर करून तेच म्हणत होता. माझ्याकडे बघून म्हणत होता, कारण मला ऐकू येत नाही हे त्याला कळलं असावं. मी सायकलचा पंप काढला. दोन्ही हातांनी धरला. "शेवटचं विचारतो, दिवा होता का नव्हता?" माझ्या घशात रक्ताची चव आली, एवढ्या मोठ्यानं मी ओरडलो. त्यानं रक्तानं माखलेले ओठ हलवले, "नव्हता," आणि मी पंप घातला.

चौघांनी मला मागे ओढलं. एकानं माझे दोन्ही हात पाठीवर पिरगाळून धरले आणि माझ्या कानात तोंड घालून किंचाळला, "पुरे! मेला तो!" मेला नव्हता. चेहऱ्यावर हात धरून रस्त्यावर लोळत होता आणि बोटांमधून काळं काहीतरी येत होतं. मला तेव्हा त्याची जराही दया आली नाही. मी त्याच्यावर थुंकलो.

अँब्युलन्स आली. ती आमच्यापैकी कुणी बोलावली नव्हती. आम्ही पोहोचायच्या आधी त्यानंच बोलावली होती. त्यातच दोघांनाही नेलं, शेजारी शेजारी.

पहाटे डॉक्टरांनी धाकट्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला. धाकटी, म्हणजे त्याची बायको, बाकावर बसली होती. लग्नाला तीन वर्षं झालीत. तिनं माझे दोन्ही दंड धरले आणि अगदी समोर तोंड आणून विचारलं, "दादा, तो माणूस म्हणतोय दिवा नव्हता. मला खरं सांगा. दिवा होता ना?"

"होता. तुझी शपथ. मी स्वतः लावला, स्वतः पेटवला."

"मग त्याला सोडू नका," ती म्हणाली. "माझ्या माणसाचा पाय नेला त्यानं. त्याला सोडलंत तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

धाकटा शुद्धीवर आला तेव्हा त्याला पायाचं अजून सांगितलं नव्हतं. तो गुंगीत होता. मी वाकून त्याच्या ओठांकडे बघत राहिलो. "मी वळून बघितलंच नाही दादा," तो म्हणाला. "तू निवडलेला होता ना." परत झोपला. मी बाहेर येऊन भिंतीवर डोकं आपटलं, दोनदा. नर्सनं दटावलं.

सकाळी हवालदार आला. त्यानं वही काढली आणि माझ्यासाठी शब्द सुटे सुटे करून बोलला. "हे बघा. दिवा चालू होता असं ठरलं तर तो टेम्पोवाला आत जाईल, बराच काळ. तुम्ही त्याला मारलं त्याचंही बघावं लागेल, पण भावाची अशी अवस्था बघून कुणाचंही डोकं फिरतं, वरचे समजून घेतील. दिवा नव्हता असं ठरलं तर मात्र गोष्ट उलटी आहे. मग एका निर्दोष माणसाचा डोळा तुम्ही काढला. जागेवर आम्हाला दिवा मिळाला नाही. कुठं आहे तो?"

"मी आणून दाखवतो," मी म्हणालो. "तुकडे झाले असतील तर तुकडे आणतो."

दुपारी मी त्या रस्त्यावर गेलो. रक्तावर कुणीतरी माती टाकली होती. मी रस्त्याकडेचं गवत हातांनी चाळलं. टेम्पोच्या काचा सापडल्या, चेनचे तुकडे सापडले, धाकट्याच्या डब्याचं झाकण सापडलं. दिवा नाही. एक तास, दोन तास. मग डोक्यात आलं, हरामखोरानं लपवला! आम्ही यायच्या आधी उपटून लांब फेकला असणार. म्हणूनच एवढ्या ठामपणे म्हणत होता. माझे हात परत शिवशिवायला लागले. म्हटलं, सापडू दे, दवाखान्यात जाऊन त्याचा दुसरा डोळाही काढतो.

फेकला तर किती लांब फेकणार? मी कडेकडेनं मागे चालायला लागलो, कारखान्याच्या दिशेनं. अर्धा किलोमीटर गेलो, एक किलोमीटर. तिथं नाल्यावर एक मोरी आहे आणि मोरीच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे, नुसती खडी. सायकल तिथं आपली धडधडते. एवढ्या लांब कोण फेकेल, म्हणून मी मागे फिरणारच होतो.

गवतात काहीतरी लाल लुकलुकत होतं.

उन्हात फिका दिसत होता, पण चालू होता. रात्रभर तिथं पडून लुकलुकत होता आणि अर्धा दिवस वर. मी तो उचलला. अंगावर धाकट्यानं पाडलेला पोचा. पट्टा आकड्यापाशी तुटलेला. मी रबर बोटांत धरलं तर ते फुगून मऊ पडलं होतं, चघळून टाकल्यासारखं, आणि त्याला आमच्या साच्याच्या तेलाचा वास होता. नखानं दाबलं तर तुकडा निघाला.

दिवा इथं पडला. त्याच्यापुढं एक किलोमीटरभर माझा भाऊ काळोखात सायकल चालवत गेला आणि मागं वळून बघायची गरज त्याला वाटली नाही. टेम्पोवाला खरं बोलत होता.

आता मी काय केलं तेही सांगतो. मी मोरीच्या कठड्यावर दिवा ठेवला, दोन हातांत मावणारा दगड उचलला आणि घातला. कुणी बघत नव्हतं. तुकडे करायचे, ते टेम्पो उभा होता तिथं नेऊन टाकायचे, हवालदाराला बोलावून दाखवायचे. पहिल्या घावाला दिवा उडून खाली पडला. चालू. परत ठेवला, परत घातला. दगडाची कपची उडून माझ्या कपाळात घुसली. दिवा चालू. तिसऱ्यांदा घातला, चौथ्यांदा घातला, शिव्या देत घातला, रडत घातला. दगड फुटला. दिवा लुकलुकतोय. मीच निवडला होता, तो कसा फुटेल?

मी कठड्यावर बसलो. खालून नाला वाहत होता, त्यात टाकून दिला असता तरी चाललं असतं. पण मला तो माणूस दिसायला लागला. मी विचारत होतो आणि मारत होतो. मार चुकवायला माणूस काय वाटेल ते कबूल करतो, मीही केलं असतं. "होता" एवढाच शब्द म्हणायचा होता. त्याचं नाक मोडलं, बरगड्या मोडल्या, मी पंप उगारला, तरी तो खोटं बोलला नाही. आणि मी तुझी शपथ म्हणून धाकटीच्या तोंडावर खोटं बोलून बसलो होतो, तेही खरं समजून. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

दिवा खिशात घालून मी दवाखान्यात गेलो. ठरवलं होतं, आधी त्याच्यापुढे जायचं, मग धाकटीपुढे, मग हवालदारापुढे. त्याच्या पाया पडायचं. मार म्हणायचं, हवं तर माझा डोळा काढ म्हणायचं.

तो वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खाटेवर होता. अर्ध्या तोंडाला पट्ट्या, नाकात कापूस, छाती आवळून बांधलेली. उजवा डोळा मिटलेला. उशाशी त्याची म्हातारी आई होती. हवालदार स्टुलावर वही घेऊन बसला होता, टेम्पोवाला परत शुद्धीवर आला म्हणून जबाब घ्यायला. आणि भिंतीला टेकून धाकटी उभी होती. हा माणूस काय सांगतो ते ऐकायला ती खास वर आली होती.

म्हातारी मला ओळखत नव्हती. तिनं खाटेच्या कडेला जागा करून दिली. "या, बसा," तिचे ओठ म्हणाले. "त्याच्या ओळखीचे का? सकाळपासून कुणी आलं नाही बघा त्याला भेटायला."

मी खिशात हात घातला आणि दिवा बाहेर काढला. लाल उजेड त्याच्या पांढऱ्या चादरीवर लुकलुकला. त्यानं तो उरलेला डोळा उघडला. आधी दिव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. गुडघे पोटाशी ओढले, त्या मोडलेल्या बरगड्यांसकट. त्याच्या हाताची सुई निखळली. हातांच्या फटीतून त्याचे ओठ मला दिसत होते.

"होता," तो म्हणाला. "होता दिवा. होता. मी बघितला होता. मारू नका. दिवा होता."

"ऐकलंत?" धाकटी पुढे आली. तिचा चेहरा पेटला होता. "ऐकलंत ना दादा? कबूल केलं त्यानं! लिहून घ्या हवालदारसाहेब."

हवालदारानं लिहायला घेतलं.

"नव्हता!" मी म्हणालो. म्हणालो म्हणजे ओरडलो, मला दुसरं येतच नाही. "नव्हता दिवा! खोटं बोलतोय तो! लिहू नका!"

माझा आवाज ऐकला आणि तो माणूस खाटेवर थडथड उडायला लागला. जास्तच घाईनं म्हणायला लागला, "होता, होता." मी त्याच्याजवळ वाकलो, आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, तो किती खाली आला मला कसं कळणार? मी म्हणालो, "अरे नव्हता रे, तू खरं बोलत होतास, हा बघ, तुटून पडला होता, मोरीपाशी, माझी चूक आहे." तो ऐकतच नव्हता. मी वाकलो तसा तो भिंतीकडे सरकत गेला आणि त्याच्या पायाखालची चादर ओली झाली.

मी वळलो. तुटलेला पट्टा धाकटीसमोर धरला. "सायकलवाल्यानं मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही. दिवा नव्हता गं." तिनं पट्ट्याकडे बघितलं. मग माझ्या कपाळावरच्या रक्ताकडे. तिनं मला मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. खाली नवऱ्याकडे निघून गेली.

हवालदारानं वहीतली ओळ खोडली आणि मला स्टुलावर बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, ओळीनं. खाटेकडे बघायचं नाही असं ठरवूनही नजर जात होती. आता कुणीच काही विचारत नव्हतं, तरी त्याचे ओठ तोच एक शब्द म्हणत होते. म्हातारी त्याचे हात डोक्यावरून खाली घ्यायला बघत होती, आणि ते काही खाली येत नव्हते.